आईकडे न पाहणारे मूल

हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही, खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते, असे एखादे मूल तुमच्या पाहण्यात असेल. या अवस्थेला 'स्वमग्नता' म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे एक भलताच समज पसरला : आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले! हा आरोप कितीतरी मातांना वर्षानुवर्षे सोसावा लागला.

१९७७ साली इंग्लंडमधील जुळ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. म्हणजे कारण आनुवंशिकतेत शोधायला हवे होते.

पण अशा मुलाला आईचा लळा असतो का? हे कसे तपासाल बरे? मेरियन सिगमन आणि ज्यूडी अंगरर यांनी युक्ती साधी केली. खोलीत मूल, आई आणि एक अनोळखी व्यक्ती. आई थोडा वेळ बाहेर गेली, मग परत आली. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला : स्वमग्न मुलेही परक्यापेक्षा आईकडेच अधिक वळली! 'स्वमग्न' हा शब्द मला तेव्हापासून जरा खटकतो.

मग ती नजर का चुकवतात? मोठेपणी काहींनी सांगितले आहे, की डोळ्यांत पाहताना समोरच्याचे बोलणेच नीट ऐकू येत नाही. खाली पाहणारे ते मूल कदाचित तुमचेच ऐकत असेल.