मानवेल, कोयता आणि प्रश्न

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षणाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात शेजारच्या वर्ध्यापासून करावी लागते. १९३७ मध्ये तिथल्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकण्याचा, म्हणजे नई तालीमचा, आग्रह धरला. सेवाग्रामच्या त्याच नई तालीमच्या शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग पुढे गडचिरोलीत रुजले आणि २००६ मध्ये त्यांनी तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम उभा केला. त्याआधी, साठचं दशक सरता सरता, मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांच्या छावण्यांत शहरातली पोरं कुदळ-फावडं धरायला शिकली होती.

विचार करायला शिकवणारा इथला सर्वांत मोठा वर्ग मात्र माझ्या मते भरला तो धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाचे अभ्यासगट बसत, कायदा वाचत, वाद घालत. १९२७ चा वन कायदा तेव्हा बांबूला झाड म्हणत होता. २००६ चा वनहक्क कायदा त्यालाच गौण वनोपज म्हणतो. मग बांबू कुणाचा? २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी हा प्रश्न सुटला नव्हता. २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे त्याचं उत्तर मिळालं.

प्रश्न ग्रामसभेत आणि कसब बांबूच्या वस्तू विणणाऱ्या बुरडाच्या हातात, अशी इथली वाटणी. शाळेत यातलं काहीच नीट पोचलं नाही, ही माझी जुनी खंत आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या चिचपल्लीत २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राला मंजुरी मिळाली, म्हणून मला त्याचं अप्रूप वाटलं.

बांबू हातात घेतला की विचारही करावाच लागतो. मानवेलीत, म्हणजे इथल्या बांबूत, सरळ खिळा ठोकला की तिचे तंतू उभे चिरत जातात. सुताराचा जोड इथे चालत नाही. भोक पाडून खुंटी घालायची की दोरीनं आवळायचं, पेराच्या वर की खाली, वजन कुठून उतरणार, हे शिकणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं. हिरवा बांबू तसाच वापरला तर भुंगा त्याची भुकटी करतो, म्हणजे तोडणीचा हंगामही अभ्यासात आला. चूक लपत नाही. खुर्ची डुगडुगते आणि कारण शोधावंच लागतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं सहावीच्या मुलांना पिशव्या, पवनचक्क्या, बाहुल्या करायला लावल्या, तेव्हाही आधी चित्र, मग सामानाचा अंदाज, मग वस्तू आणि शेवटी तिची पारख, असाच क्रम होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चिचपल्लीची नवी इमारत आगीत गेली. ते नुकसान मोठंच, पण बांबूचं शिक्षण एका इमारतीपुरतं ठेवणं त्याहून घातक आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचे आहेत, स्थानिक कारागिरांसोबत. इथल्या जिल्हा परिषद शाळांत आणि आश्रमशाळांत ते दहा दिवस आठवडी बाजारात सुपं-टोपल्या विकायला बसणाऱ्या बुरडाला द्यावेत आणि शिक्षकाला देतो तसं मानधनही त्याला द्यावं.