वाटीभर अन्नाचा हिशेब

सेरेब्रल पाल्सी झालेले मूल वयाच्या मानाने हाडकुळे दिसले, की ‘आजारच तसा’ म्हणून विषय मिटवला जातो. वस्तुतः मेंदूची इजा कालांतराने वाढत नाही. वजन खुंटते ते पुष्कळदा पोटात पुरेसे अन्न न गेल्याने. चावणे-गिळणेच दुष्कर, त्यामुळे वाटीभर वरणभात भरवण्यात आईचा तासभर जातो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा तास कोठेच धरला जात नाही! कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ६५७ मुलांच्या पाहणीतून २००२ मध्ये असे दिसले, की ही मुले हालचालींच्या आपापल्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के पल्ला पाच वर्षांच्या आतच गाठतात. तेव्हा येथे उशिरा केलेल्या खर्चास काटकसर म्हणता येणार नाही. अंगणवाडीत वजनकाटा असतो, शिधाही मिळतो. मुलाला सरळ बसवून, अन्न मऊ करून कसे भरवावे हे आईला दाखवणारे माणूस तेथे नेमणे ही फार खर्चाची बाब खचितच नाही.