घाटावर, घाटाखाली आणि व्हिपल यांचं गणित

बुलढाणा जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा किंवा घाटाखालचा असतो, तालुका नंतर विचारतात. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरचा राजूर घाट या दोन्ही भागांना जोडतो. तिथल्या वळणांवर झुकलेली मोटरसायकल पडत का नाही, या प्रश्नाने मला बरीच वर्षं पछाडलं आहे.

शाळेतलं सूत्र वाचकांना आठवत असेलच. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, हा झाला झुकावाच्या कोनाचा टॅन्जंट. त्यात वजन येतच नाही. मागे माणूस बसवा नाहीतर दुधाचे कॅन बांधा, कोन तोच. वेगाचा मात्र वर्ग होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगरी रस्त्यावरच्या हेअरपिन वळणासाठी आतल्या कडेची किमान त्रिज्या 14 मीटर आणि किमान वेग ताशी 20 किलोमीटर धरला आहे. एवढ्या वळणात ताशी 20 ला गाडी साधारण 13 अंश झुकते, ताशी 40 ला 42 अंश! इतकी पकड कोरड्या डांबरावर चांगला टायरही जेमतेम देतो. वळणावर बारीक खडी असेल तर विषयच संपला.

पण गाडी झुकते कशी? डावीकडे वळायचं असेल तर हँडल आधी किंचित उजवीकडे जातं. चाकं उजवीकडे सरकतात, वरचा भार डावीकडे कलतो आणि मग पुढचं चाक त्या झुकावामागे डावीकडे येतं. स्कॉटलंडच्या रँकिन यांनी 1869 मध्येच दुचाकीबद्दल हे मांडलं होतं. विमानाआधी सायकली विकणारे विल्बर राइट कितीतरी सायकलस्वारांना विचारत, पण पहिल्या फटक्यात सगळं बरोबर सांगणारा त्यांना भेटला नाही. हाताला येतं ते डोक्याला माहीत नसतं.

या शोधात मला सर्वांत आवडलेला माणूस म्हणजे फ्रान्सिस व्हिपल. केंब्रिजच्या या तरुणाने 1899 मध्ये सायकलच्या स्थैर्याची समीकरणं मांडली. चालक नसलेली सायकलही ठरावीक वेगमर्यादेत स्वतःला सावरते, हे त्यातून निघतं. पुढे ते हवामानशास्त्राकडे वळले आणि लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे प्रमुख झाले. 1908 मध्ये सैबेरियातल्या तुंगुस्का इथे झालेल्या प्रचंड स्फोटाच्या हवेतल्या लहरी इंग्लंडमधल्या वायुदाबाच्या आलेखांवर उमटल्या होत्या. व्हिपल यांनी 1930 च्या लेखात त्या आलेखांचा त्या स्फोटाशी संबंध लावला. आकाशातून आलेल्या दगडाने खोदलेलं लोणार ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्यांना तरी हे नाव ठाऊक असायला हवं.

त्यांचं सायकलचं गणित मात्र अडगळीत पडलं. क्लाइन आणि सोमरफेल्ड यांच्या भोवऱ्यावरच्या ग्रंथात स्थैर्याचं श्रेय फिरत्या चाकाच्या भोवरा-परिणामाला दिलं होतं. 1970 मध्ये डेव्हिड जोन्स यांनी उलट फिरणारं जादा चाक बसवून तो परिणाम रद्द केला, तरी सायकल चालवता आली. मग त्यांनी पुढच्या चाकाच्या बैठकीकडे बोट दाखवलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जिम पापाडोपुलोस यांनी जुने लेख एकेक करून तपासले, समीकरणं नव्याने मांडली, पण ते हस्तलिखित वर्षानुवर्षं अप्रकाशित राहिलं. शेवटी 2007 मध्ये ते सहलेखकांसह प्रसिद्ध झालं, आणि किरकोळ चुका सोडल्या तर व्हिपल बरोबर ठरले. त्या लेखातल्या नमुना-सायकलची स्वतःला सावरण्याची वेगमर्यादा ताशी साधारण 15 ते 22 किलोमीटर निघाली. 2011 मध्ये याच गटाने भोवऱ्याचा आणि पुढच्या चाकाच्या बैठकीचा, असे दोन्ही परिणाम काढून टाकलेली दुचाकी बनवली. तीही स्वतःला सावरत होती. एकच कारण शोधणारे सगळे हरले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एवढं ज्ञान असूनही लायसन्सच्या चाचणीत आपण पोरांना आठचा आकडा काढायला लावतो, तोही इतक्या हळू की हँडलची ही उलटी चाल जाणवतच नाही. ती शिकवायला हवी, मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसासमोर. आणि घाटातल्या वळणांवरची खडी वेळच्या वेळी झाडायला हवी. तोवर राजूर घाट उतरणाऱ्यांना एकच विनंती: ब्रेक वळणाच्या आधी लावा. 40 चे 20 केलेत, तर टायरला बाजूने लागणारी पकड एक चतुर्थांशावर येते.