थिएटर कमांडआधी सुंदरजी अभ्यासा

तिन्ही सैन्यदलांना एका कमांडरच्या हाताखाली आणणाऱ्या थिएटर कमांडचा विषय पुन्हा तापलाय. कुठली कमांड कोणाकडे, कोणाला किती तारे, यातच चर्चा अडकलीय. मला मात्र जनरल कृष्णस्वामी सुंदरजी आठवतात.

महार रेजिमेंटमधून आलेले सुंदरजी १९८६ ते १९८८ लष्करप्रमुख होते. रणगाडे, चिलखती गाड्यांतलं पायदळ आणि हेलिकॉप्टर यांची सांगड घालून वेगवान लष्कर उभारणं, हा त्यांचा ध्यास.

१९८६च्या उन्हाळ्यात चिनी सैनिकांनी तवांगच्या उत्तरेला, सुमदोरोंग चूच्या खोऱ्यात वांगडुंगला ठाण मांडलं. शेजारीच नामका चू. तिथे १९६२ साली आपली ब्रिगेड खाली नदीकाठी आणि चिनी वर कड्यावर, अशी स्थिती होती. सुंदरजींनी तो डाव उलटवला. ऑक्टोबरमध्ये अख्खी ब्रिगेड हेलिकॉप्टरने झेमिथांगला उतरवली. अवजड सामानासाठी नवीकोरी एमआय-२६ होती. जवानांनी हाथुंग ला ही खिंड गाठली आणि खोरं त्यांच्या नजरेखाली आलं. वांगडुंगवर हल्ला मात्र केला नाही. उंची धरायची, युद्ध पेटू द्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं. त्यामुळे मुत्सद्देगिरीला जागा उरली. मे १९८७मध्ये परराष्ट्रमंत्री नारायणदत्त तिवारी बीजिंगला गेले, डिसेंबर १९८८मध्ये राजीव गांधी. भारतीय लष्करी इतिहासात साध्य आणि साधन इतकं जुळलेलं मला क्वचितच दिसतं.

१९८६-८७च्याच हिवाळ्यात राजस्थानात ‘ब्रासस्टॅक्स’ सराव झाला. जानेवारी १९८७मध्ये भारत आणि पाकिस्तानच्या फौजा सीमेवर समोरासमोर आल्या, आणि या सरावातून नेमकं काय साधायचं होतं, यावर आजही एकमत नाही.

मग श्रीलंकेतलं जाफना. जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानुसार शांतिसेना म्हणून गेलेलं लष्कर ऑक्टोबरमध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागलं. लिट्टेचं नेतृत्व पकडण्यासाठी रात्री विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतले एकोणतीस धारातीर्थी पडले, एक पकडला गेला. हत्यार तेच, हेलिकॉप्टर. पण आपण तिथे कशासाठी आहोत, हे मधल्या काळात बदललं होतं आणि त्या बदलाला साजेशी योजना कोणी आखलीच नव्हती. याचा दोष एकट्या सुंदरजींच्या माथी मारणं अन्यायाचं. साध्य ठरवण्याची जबाबदारी मंत्रिमंडळाची.

सरकारने हे साध्य सांगणारा राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा दस्तऐवज अजूनही जाहीर केलेला नाही. नव्या थिएटर कमांडरने युद्ध कुठे थांबवायचं, हे त्याला कोण सांगणार? संसदेत आधी हा प्रश्न विचारला जावा. ताऱ्यांचा हिशोब नंतर करता येईल.