ट्रॅक्टरचलित गवतकापणी यंत्रातील स्लिप क्लच : जाम होण्याची कारणे, मोकळा करण्याची पद्धती व देखभाल

बीजसंज्ञा : स्लिप क्लच, पी.टी.ओ., घर्षण, गंज, प्रतिबंधात्मक देखभाल

प्रस्तावना :

फळबागा, पडीक जमिनी, क्रीडांगणे व शैक्षणिक संस्थांची विस्तीर्ण आवारे येथील वाढलेले गवत कापण्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडलेले फिरत्या पात्यांचे यंत्र वापरले जाते. महाराष्ट्रात या कामाचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यानंतर सुरू होतो. त्यापूर्वीचे काही महिने, विशेषतः दमट पावसाळी दिवस, हे यंत्र बहुधा शेडमध्ये किंवा उघड्यावर न वापरता पडून असते. याच काळात त्यातील एक छोटा परंतु महत्त्वाचा घटक, म्हणजे स्लिप क्लच, नकळत निकामी होतो. यंत्र सुरू केल्यावर पाती नेहमीप्रमाणे फिरतात, गवतही कापले जाते. त्यामुळे हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही. तो लक्षात येतो तो पाते दगडावर वा बुंध्यावर आदळून गिअरबॉक्स फुटल्यावर. प्रस्तुत लेखात या घटकाचे कार्यतत्त्व, तो जाम होण्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

रचना व कार्यतत्त्व :

ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. दंडाची प्रमाणित गती सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे इतकी असते. तेथून जोडदंडामार्फत शक्ती यंत्राच्या गिअरबॉक्सकडे जाते. या मार्गात स्लिप क्लच बसविलेला असतो. त्यात घर्षण चकत्या व लोखंडी प्लेट एकाआड एक रचलेल्या असून स्प्रिंगांच्या दाबाने त्या एकमेकींवर आवळलेल्या असतात. हा क्लच किती टॉर्क, म्हणजे दंडावर येणारा पीळ, सहन करील हे चार गोष्टींवर ठरते : स्प्रिंगांचा एकूण दाब, घर्षणांक, चकतीची सरासरी त्रिज्या आणि घर्षणपृष्ठांची संख्या.

उदाहरणादाखल, ५४० फेऱ्यांच्या गतीने ३० किलोवॉट शक्ती वाहून नेताना दंडावर सुमारे ५३० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पाते अचानक अडले तर हाच टॉर्क क्षणार्धात कित्येक पटींनी वाढतो. अशा वेळी ठरलेली मर्यादा ओलांडताच चकत्या घसरतात आणि धक्का पुढे न जाता उष्णतेत रूपांतरित होतो. मात्र ३० किलोवॉट शक्ती पूर्णपणे घसरणीत खर्च झाल्यास दर सेकंदाला ३० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणूनच ही घसरण काही क्षणांपुरतीच असावी लागते; ती लांबल्यास लायनिंग जळते.

क्लच जाम होण्याची कारणे :

पहिले कारण गंज हे होय. चकती व प्लेट यांमध्ये ओलावा साचला की लोखंडाचे ऑक्सिडीकरण होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने तो पृष्ठांमधील सूक्ष्म पोकळ्या भरून काढतो व लायनिंग प्लेटला घट्ट चिकटते. दुसरे कारण मनुष्यनिर्मित आहे. क्लच वारंवार घसरतो म्हणून नट आवळत नेले जातात. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की क्लच हा क्लच राहत नाही, तो एक अखंड सांधा होतो. दोन्ही प्रसंगी परिणाम एकच : धक्का सरळ गिअरबॉक्स, जोडदंड व ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.पर्यंत पोहोचतो.

परीक्षण व मोकळा करण्याची पद्धती :

सर्वप्रथम यंत्र जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून नोंदवावी. चकत्या व प्लेट यांच्या कडांवरून खडूची किंवा रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नंतर सर्व नट सारख्या प्रमाणात, साधारणतः दोन फेरे, सैल करावेत. संरक्षक आवरणे जागेवर बसवून व सर्वांना दूर उभे करून कमी गतीवर पी.टी.ओ. दोन-तीन सेकंद जोडावा. इंजिन बंद करून पाती पूर्ण थांबल्यावरच रेघ पाहावी. रेघ तुटलेली दिसल्यास क्लच मोकळा झाला असे समजावे. ती अखंड राहिल्यास क्लच उलगडणे अपरिहार्य आहे.

उलगडताना स्प्रिंगांचा दाब क्रमाक्रमाने व समप्रमाणात सोडावा. चिकटलेल्या चकत्या पातळ पात्याने हलकेच विलग कराव्यात. हातोड्याचे घाव घातल्यास लायनिंगला तडे जातात. जाम झालेल्या भागावर तेल किंवा डिझेल सोडण्याची आपल्याकडील सर्वसाधारण सवय येथे घातक ठरते. तेल शोषलेल्या लायनिंगचा घर्षणांक घटतो व अशी चकती बदलावीच लागते. प्लेटवरील गंज तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने काढून ती कोरड्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने धूळ हवेच्या झोताने उडवू नये. मुखपट्टी वापरावी व ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्यावी. झिजलेल्या, तडकलेल्या वा जळलेल्या चकत्या आणि वाकलेल्या प्लेट बदलाव्यात.

जोडणी करताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून स्प्रिंगची लांबी निर्मात्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. केवळ अंदाजाने आवळणे टाळावे. काही क्लचांच्या रचनेत विशिष्ट नट आवळले असता उलट स्प्रिंगांचा दाब सुटतो. म्हणून पुस्तिका पाहूनच काम करावे.

नियमित देखभाल व मर्यादा :

हंगामाच्या आरंभी, तसेच यंत्र महिनाभर बंद राहिल्यास, वरील रेघ-परीक्षण करावे. दीर्घ साठवणीपूर्वी स्प्रिंगांचा दाब कमी करावा, यंत्र कोरड्या जागी ठेवावे आणि स्प्रिंगची लांबी व परीक्षणाची तारीख नोंदवहीत लिहावी. जोडदंडाच्या सांध्यांना ग्रीस देताना ते चकत्यांवर जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्लिप क्लच यंत्राचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. या दंडात धोतराचा सोगा, ओढणी किंवा बाही अडकल्यास क्लच घसरण्याइतका विरोध मानवी शरीर करूच शकत नाही. तेथे दंडावरील आवरण व पी.टी.ओ. बंद करण्याची शिस्त हाच उपाय होय.

निष्कर्ष :

इतर भाग बिघडले की काम थांबते. संरक्षक भाग बिघडला तरी काम सुरूच राहते. त्यामुळे स्लिप क्लच सुस्थितीत आहे हे केवळ यंत्र चालते यावरून सिद्ध होत नाही. तो घसरतो हे प्रत्यक्ष पाहावे लागते. प्रेशर कुकरची सुरक्षा झडप असो वा महाविद्यालयातील अग्निशमन नळकांडे, हाच नियम सर्व संरक्षक साधनांना लागू पडतो. घर्षण, ऑक्सिडीकरण व ऊर्जारूपांतर या पाठ्यक्रमातील संकल्पना एकाच वस्तूत प्रत्यक्ष दाखविता येत असल्याने, महाविद्यालयाच्या आवारातील यंत्राचे हे वार्षिक परीक्षण विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत केल्यास देखभाल व अध्यापन हे दोन्ही हेतू साध्य होऊ शकतील.