वैशाखातील पंगत आणि बटाट्याची कोशिंबीर

चैत्र आणि वैशाख हे दोन महिने विदर्भात जसे उन्हाचे तसेच पंगतींचे. कापूस विकला गेलेला असतो, तूर घरी आलेली असते, शाळांना सुट्या लागलेल्या असतात आणि मृगापर्यंत शेतात फारसे काम नसते. साहजिकच साक्षगंध, लग्ने, वास्तुपूजने आणि नवसाची जेवणे याच अवधीत उरकली जातात. यवतमाळ-नागपूर मार्गावरील कळंब या तालुक्याच्या गावी त्यात श्रीचिंतामणीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची भर पडते. भूपातळीच्या खाली, पायऱ्या उतरून गेल्यावर लागणारे हे गणेशस्थान विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियोजित वर्धा-नांदेड लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा सुरू झाल्याने येथे आता आगगाडीही येते. जेथे माणसे जमतात तेथे पान वाढावे लागते. आणि पानाच्या डाव्या बाजूस कोशिंबीर नसेल तर ते पान पुरे झाले असे कोणी मानीत नाही.

या कोशिंबिरींत दह्यातील बटाट्याच्या कोशिंबिरीने मोठ्या जेवणावळींत स्वतःचे स्थान निर्माण केले आहे. त्याची कारणे उघड आहेत. काकडी चिरून ठेवली की पाणी सोडते, गाजर किसण्यास मनुष्यबळ लागते, कांदा उपवासाला चालत नाही. बटाटा मात्र चतुर्थीच्या फराळाला चालतो, लग्नाच्या बुफेला चालतो, लहान मुलांना आवडतो आणि मुख्य म्हणजे आदल्या रात्री उकडून ठेवता येतो. आचाऱ्याला सोयीचा वाटणारा हा शेवटचा गुणच वैशाखात या पदार्थाचा सर्वांत मोठा दोष ठरतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

परका कंद घरचा झाला

बटाट्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगिजांमार्फत आला आणि त्यांचाच शब्द मराठीत रुळला. वऱ्हाडात मात्र उत्तरेकडील ‘आलू’ हाच शब्द अधिक ऐकू येतो आणि लग्नातील आलू-वांग्याच्या भाजीशिवाय तेथील स्वयंपाकाची कल्पना करवत नाही. परदेशातून आलेला हा कंद उपवासाच्या पदार्थांत जाऊन बसला, ही गोष्ट समाजाच्या पचनशक्तीची साक्ष देते. बटाटा थंड करून आंबट पदार्थात कालवण्याची रीतही केवळ आपली नाही. जर्मनीत त्याला शिरका लावतात, अमेरिकेत मेयोनेज. एकोणिसाव्या शतकात मॉस्कोतील एका उपाहारगृहात ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने सिद्ध केलेला प्रकार ‘रशियन सॅलड’ या नावाने आपल्या हॉटेलांतही पोहोचला. महाराष्ट्राने यासाठी दही, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि तूप-जिऱ्याची फोडणी निवडली. ही निवड हवामानाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाची आहे. शेजारच्या तेलंगणाला कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर ऑक्टोबर २०२४ मध्ये एक वर्षाची बंदी घालावी लागली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

वैशाखातील बटाट्याचे अर्थशास्त्र

कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या यवतमाळ जिल्ह्यात बटाट्याच्या लागवडीला नगण्य स्थान आहे. रात्री थंड असल्याखेरीज या झाडाला कंद नीट धरत नाही. उत्तरेच्या मैदानात तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात आणि जानेवारी ते मार्च या काळात काढतात. वर्षाचे बहुतेक पीक या एका हंगामात येते आणि त्याचा मोठा भाग शीतगृहात जातो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ मध्ये प्रसृत केलेल्या ‘कुफरी ज्योती’ आणि ‘कुफरी चंद्रमुखी’ यांसारख्या वाणांनी उत्पादन वाढविले. पण ते वर्षभर पुरते ते शीतगृहांमुळे. टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्या भावांतील चढउतार रोखण्यासाठी केंद्राने २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर केली, तीही या एकहंगामी पिकाच्या स्वभावामुळेच.

याचा पानावरील चवीशीही संबंध आहे. दोन ते चार अंश तापमानात ठेवलेल्या बटाट्यातील पिठूळ अंशाची हळूहळू साखर होते. म्हणून उन्हाळ्यातील बटाटा गोडसर लागतो आणि कोशिंबिरीत वरून साखर घालण्याची गरज राहत नाही. शीतगृहातून बाहेर पडून उष्ण हवेत पडून राहिलेल्या बटाट्याला लवकर मोड येतात. उजेडात राहिलेला हिरवा पडतो. या हिरव्या भागातील विषारी द्रव्य उकडल्याने नाहीसे होत नाही. स्वस्तात मिळाले म्हणून असे पोते घेणे ही काटकसर नव्हे.

धोका कोठे आहे

उकडलेला बटाटा चुलीवरून उतरतो तेव्हा तो निर्धोक असतो. पुढे तो सोलणाऱ्या आणि चिरणाऱ्या अनेक हातांतून जातो. नाकात, त्वचेवर आणि जखमेत वास करणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू याच वेळी अन्नात शिरतो. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतूंची वाढ झपाट्याने होते. वैशाखात मांडवाखालचे तापमान याच पट्ट्यात असते. या जंतूने निर्माण केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही आणि जेवल्यानंतर काही तासांतच उलट्या सुरू होतात. दह्याचा आंबटपणा जंतूंना आवर घालतो हे खरे. परंतु भरपूर बटाट्यात थोडे आणि तेही पाणी घालून वाढविलेले दही कालवले, की तो आंबटपणा निष्प्रभ होतो. उन्हाळ्यात दूध आटते आणि दही महागते, म्हणून पाणी नेमके याच दिवसांत अधिक पडते. शिजविलेले नाशवंत अन्न एरवी दोन तास आणि हवा बत्तीस अंशांहून तप्त असल्यास केवळ एक तास बाहेर ठेवावे, असा आहारशास्त्राचा दंडक आहे. यवतमाळच्या बाजूला मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही.

‘पिढ्यान्‌पिढ्या हेच खाल्ले, तेव्हा कोणाला काय झाले?’ असा प्रश्न यावर विचारला जातो. त्याचे उत्तर पंगतीच्या बदललेल्या रूपात आहे. पूर्वी पाने मांडली जात, कोशिंबीर शेवटच्या घटकेला कालविली जात असे आणि अर्ध्या-पाऊण तासात पंगत उठत असे. आज वरात रेंगाळते, मुहूर्त टळतो आणि बुफेचे टेबल चार-चार तास मांडून राहते. पदार्थ जुनाच आहे. त्याच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा नवी आहे.

कृतीचा क्रम

उपाय मात्र अवघड नाही. शंभर पानांना पाच ते सहा किलो बटाटा, तीन ते चार किलो घट्ट दही आणि अर्धा किलो दाण्याचे कूट पुरते. सारख्या आकाराचे बटाटे सालीसकट, मीठ घातलेल्या थंड पाण्यात उकडण्यास लावावेत. ते फुटण्यापूर्वी उतरवून पाणी पूर्ण निथळावे आणि मोठ्या परातींत एकेरी थराने पसरावेत. खोल गंजात भरून ठेवलेला बटाटा मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो, आणि कोमटपणा हाच जंतूंचा सुकाळ. स्वच्छ धुतलेल्या हातांनी सोलून-चिरून झाल्यावर फोडी झाकून बर्फावर ठेवाव्यात. ज्याच्या हाताला जखम आहे त्याला या कामाला बसवू नये. बर्फ भांड्याबाहेरच असावा, कारण बाजारातील लादी पुष्कळदा खाण्यासाठी केलेली नसते. अशा बर्फाला निळा रंग द्यावा, असा निर्देश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला तो यासाठीच. दही वेगळे आणि थंड असावे. फोडणी निवू द्यावी. कालवायचे ते एका पंगतीपुरतेच, आणि उरलेले पुढच्या पंगतीच्या कोशिंबिरीत मिसळायचे नाही.

जबाबदारी कोणाची

एवढे सोपे असूनही हे होत नाही, कारण खर्च एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी येथे विभागणी आहे. आचारी ताटामागे दर ठरवून काम घेतो. बर्फ आणि शेवटच्या घटकेचा एक जादा माणूस वाचला तर ती बचत त्याची. यजमानाला मांडव आणि रोषणाई दिसते, कोशिंबीर कधी कालवली ते दिसत नाही. पाहुण्याला तर विचारण्याचाही संकोच. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. परिणामाचा भार अखेर तालुक्याच्या रुग्णालयावर आणि बुडालेल्या मजुरीवर पडतो.

कायदा याविषयी मूक नाही. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा नफ्यासाठी असो वा नसो, भोजनव्यवस्थेला लागू आहे. धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्यांनाही २०११ च्या विनियमांनी नोंदणीच्या कक्षेत आणले. सदोष अन्नाने मृत्यू ओढवल्यास किमान पाच लाख रुपयांच्या भरपाईची तरतूद कलम ६५ मध्ये आहे. परंतु दंडाची तरतूद विषबाधेनंतर जागी होते. खबरदारी तिच्या आधी हवी. मंगल कार्यालयांनी आणि बिछायत केंद्रांनी भांड्यांबरोबर झाकणाच्या पराती व बर्फाच्या पेट्याही भाड्याने द्याव्यात. यजमानांनी आचाऱ्याशी करार करताना कोशिंबीर कधी कालवणार, हे दरासोबतच ठरवून घ्यावे. देवस्थानांनी आणि समारंभ-समित्यांनी नोंदणीकृत आचाऱ्यांनाच काम द्यावे.

अन्नदान हे आपल्या समाजात पुण्य मानले गेले आहे. ते पुण्य किती पाने उठली यावर मोजण्याची सवय जडली आहे. दुसऱ्या दिवशी किती माणसे धडधाकट कामावर गेली, यावर ते मोजले जाऊ लागले, तर डाव्या बाजूच्या त्या चमचाभर कोशिंबिरीकडे यजमान अधिक गांभीर्याने पाहील.