कंठ जपावा पंढरीपर्यंत

आषाढीच्या वाटेवर बसलेले आवाज ऐकले की आम्हांस हळहळ वाटते. आळंदीहून टाळांच्या गजरात निघालेला खणखणीत गळा वाखरीस पोहोचेपर्यंत घोगरा होतो, आणि ज्या सावळ्या रूपापुढे गावयाचे, तेथेच अभंग घशात अडतो. हा दोष भक्तीचा नव्हे, पट्टीचा आहे. पुढचा गायक काळी चार धरतो, मागच्यास ती झेपत नाही. त्यात टाळमृदंगाचा घोष एवढा, की स्वतःचा स्वर स्वतःस ऐकू येत नाही. मग गाणे सरते आणि ओरडणे सुरू होते. गाताना स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आदळतात. जोर वाढला की ते सुजतात, आणि सुजेवर नित्य ताण पडल्यास त्यांवर गाठीही धरतात.

वास्तविक एकाने चरण घ्यावा व इतरांनी तो झेलावा, ही आपल्या भजनाची रीतच कंठास विसावा देणारी. ती मोडून सर्वांनीच सर्वकाळ तारस्वरात गावे, हे कोणी शिकविले?

खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घसा ओला राहतो, परंतु त्यांचा रस स्वरतंतूंस स्पर्श करीत नाही. तेथे उपयोगी पडते ते दिवसभर घोटघोट पाणी, वाफ आणि मौन. कुजबुजणे म्हणजे मौन नव्हे. त्यानेही ताण पडतो. खाकरणेही टाळावे. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

दिंडीतील बुजुर्ग विणेकऱ्यांस आमची एवढीच विनंती, की उद्याच्या काकड्याला पट्टी एका स्वराने उतरवावी.